पुंगळीचें माप

रायफलीचा बार उडतो, गोळी पुढें निघून जाते, आवाज टेकडीवर आपटून परत येतो, आणि नेमबाजाच्या उजव्या अंगाला गवतांत पितळेची एक पोकळ पुंगळी येऊन पडते. हाताला चटका बसावा इतकी ती तापलेली असते. पाहणाऱ्याला वाटतें कीं तिचें काम संपलें. दाणा गेला, टरफल उरलें. परंतु अमेरिकेंतील नेमबाजीच्या मैदानांवर खेळ आटोपल्यावर चांगले सुखवस्तु गृहस्थ वांकून वांकून हीं टरफलें वेंचतांना दिसतात, आणि त्यांत कंजूषपणा थोडा व हिशेब अधिक असतो.

काडतुसांत चार वस्तु असतात : गोळी, दारू, दारूला ठिणगी देणारी टोपी, आणि या तिघींना एकत्र धरून ठेवणारी पुंगळी. पहिल्या तीन एका बारांत खर्ची पडतात. चौथी, जी घडविण्यास सर्वांत अवघड व बहुधा किंमतीनेंही सर्वांत भारी, ती मात्र शाबूत राहते. तेव्हां तिच्यांत नवी टोपी, नवी दारू व नवी गोळी भरून तीच पुंगळी पुन्हां पुन्हां वापरण्याचा प्रघात तिकडे फार जुना आहे. त्याला रीलोडिंग म्हणतात, आणि तें बहुधा घराच्या एखाद्या कोपऱ्यांत, जाड टेबलाला जखडलेल्या हातयंत्रावर चालतें. भारतांत १९५९ च्या शस्त्र-अधिनियमान्वयें परवान्यावांचून काडतुसें बनविणें हा गुन्हा आहे. म्हणून येथें हा विषय करून पाहण्याचा नसून समजून घेण्याचा आहे. पुण्याजवळ खडकीस १८६९ पासून काडतुसांचा कारखाना असल्यामुळें पुंगळी हा शब्द तरी त्या बाजूच्या लोकांना अनोळखी नाहीं.

वेंचलेली पुंगळी धुतली, भरली, कीं काडतूस तयार झालें, असें मात्र होत नाहीं. जी पुंगळी रायफलींत गेली आणि जी बाहेर आली त्या दोन्ही एक नव्हेत. मधल्या क्षणांत तिचें माप बदललेलें असतें. तें माप पुन्हां ठिकाणावर आणणें हाच या कामांतील खरा कौशल्याचा भाग. आणि रायफल अर्धस्वयंचलित असेल तर त्या मापावर नेमबाजाचा डोळा व हात अवलंबून असतात.

उदाहरणासाठीं ‘थर्टी-ऑट-सिक्स’ या नांवाचें काडतूस घ्यावें. अमेरिकन सैन्यानें तें १९०६ सालीं स्वीकारलें, म्हणून नांवांत सहाचा आंकडा. आणि तीस म्हणजे नळीचा व्यास, इंचाचे शंभर भाग केले तर त्यांतील तीस. याची पुंगळी जवळ जवळ अडीच इंच लांब असून सत्तर भाग तांबें व तीस भाग जस्त अशा पितळेची असते. घरांतील तांब्याप्रमाणें तिला बूड आहे, पोट आहे, खांदा आहे आणि मान आहे. बूड जाड व भरीव, आणि त्याच्या मधोमध टोपी बसते. पोट वर चढतांना किंचित् निमुळतें होतें व त्याची भिंत पातळ होत जाते. खांद्यापाशीं ती एकाएकीं आंत वळते, आणि मानेंत गोळी घट्ट धरलेली असते.

रायफलीच्या नळीच्या मागच्या टोकाला याच आकाराची एक पोलादी कोठी कोरलेली असते. काडतूस तिच्यांत शिरतें. मागून बोल्ट नांवाचा पोलादी दांडा येतो, किंचित् वळतो व कुलूप लागावें तसा अडकून बसतो. काडतूस सहज आंत जावें व सहज बाहेर यावें म्हणून कोठी पुंगळीपेक्षां केसभर मोठी ठेवावी लागते. केसभर हा शब्द येथें अलंकार म्हणून घातलेला नाहीं. माणसाच्या डोक्यावरील केस इंचाच्या सहस्रांशांत मोजला तर साधारणतः दोन ते चार भरतो, आणि या विद्येचा सगळा व्यवहार त्याच मापांत चालतो.

आतां बार उडतेवेळीं काय होतें तें पहावें. चाप ओढला, सुई टोपीवर आपटली, दारू पेटली, कीं निमिषार्धांत कोठींतील दाब दर चौरस इंचास पन्नास-साठ हजार पौंडांपर्यंत चढतो. वाफेच्या आगगाडीच्या बाष्पपात्रांत हाच दाब दोनशें पौंडांच्या आसपास असे. एवढ्या बळापुढें पितळ मेणासारखी वागते. ती फुगते, कोठीच्या भिंतीला जाऊन चिकटते, आणि मागें येऊं पाहणाऱ्या वायूची वाट बंद करते. नेमबाजाचा चेहरा बोल्टपासून वीतभर अंतरावर असूनही तो सुखरूप राहतो, याचें श्रेय या चिकटण्याला आहे. गोळी नळीबाहेर पडल्यावर दाब ओसरतो आणि पितळ भिंतीपासून मागें सरते, पण थोडीच. पडलेल्या तांब्याचा पोचा जसा आपोआप भरून येत नाहीं, तसेंच हें. बाहेर आलेली पुंगळी म्हणजे त्या एका कोठीचा जवळ जवळ हुबेहूब ठसा असतो.

हातानें बोल्ट फिरवावयाची रायफल असेल तर हा ठसा फारसा नडत नाहीं. बोल्टाच्या मुठीला तरफेचें बळ असतें. जरा घट्ट पुंगळीही तिच्या जोरावर आंत बसते. शिवाय हाताला लगेच कळतें कीं कांहीं तरी अडतें आहे, आणि शहाणा माणूस तेथें थांबतो. म्हणून अशा रायफलीचे पुष्कळ धनी पुंगळीची नुसती मान आवळून घेतात व अंगाला हात लावीत नाहींत. कोठीचा ठसा त्याच कोठींत पुन्हां घालावयाचा, तर तो पुसावा कशाला, असा त्यांचा युक्तिवाद आहे. आणि त्यांच्यापुरता तो बरोबर आहे.

अर्धस्वयंचलित रायफलीला तो लागू पडत नाहीं. या जातींतील सर्वांत प्रसिद्ध रायफल जॉन गॅरंड याची. १८८८ सालीं कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत जन्मलेला हा मनुष्य लहानपणींच अमेरिकेंत आला, कापडाच्या गिरणींत झाडलोट करतां करतां यंत्रें शिकला, आणि पुढें मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेंत रायफलीचा रचनाकार झाला. त्याची रायफल अमेरिकन सैन्यानें १९३६ सालीं स्वीकारली. दुसऱ्या महायुद्धांत व कोरियांत ती लढली, आणि १९५७ पर्यंत पन्नास लाखांहून अधिक रायफली बनल्या. त्यांतल्या पुष्कळ पुढें नागरिकांच्या हातीं आल्या. आजही तिच्या स्वतंत्र स्पर्धा भरतात, आणि स्पर्धकांपैकीं अनेकजण आपलीं काडतुसें घरींच भरतात.

हिची युक्ति अशी. गोळी नळीच्या तोंडाशीं पोंचतां पोंचतां दारूच्या वायूचा थोडासा अंश एका छिद्रांतून खालीं उतरतो व दट्ट्याला मागें ढकलतो. दट्ट्याची लांब दांडी बोल्टाला फिरवून उघडते, रिकामी पुंगळी बाहेर भिरकावली जाते. मग स्प्रिंग तोच बोल्ट वेगानें पुढें लोटते. तो जातां जातां वरचें काडतूस उचलतो, कोठींत सारतो आणि वळून अडकतो. दर बाराला चाप स्वतंत्र ओढावा लागतो, म्हणून अर्धस्वयंचलित. बाकी सारें यंत्र आपण होऊन, डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच करतें.

यांत दोन गोष्टी ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं बोल्ट उघडूं लागतो त्या वेळीं कोठींत थोडाबहुत दाब शिल्लक असूं शकतो. त्यामुळें पुंगळी कोठींतून ओढली जात असतांनाच तिचा खांदा आणखी पुढें फुगतो, आणि कधीं कधीं ती कोठीपेक्षांही लांब होऊन बाहेर येते. म्हणजे हा ठसा खराही नव्हे. तो मूळ वस्तूपेक्षां मोठा असूं शकतो. दुसरी गोष्ट अशी कीं पुढचें काडतूस आंत बसविण्याचें काम एका स्प्रिंगकडे आहे, आणि स्प्रिंगला स्पर्शज्ञान नाहीं. काडतूस घट्ट आहे, थांबावें, असें तिला कळत नाहीं. ती आपल्या ठरलेल्या जोरानें बोल्ट आपटते आणि जें होईल तें होतें.

काय होऊं शकतें? खांदा मागें न बसलेली लांब पुंगळी कोठींत शिरतांना खांद्यावर अडते, आणि बोल्ट पूर्ण वळत नाहीं. बरें असेल तर रायफल नुसती अडकून बसते व स्पर्धेंतील त्या फेरीचे गुण जातात. वाईट असेल तर त्याहून पुष्कळ अधिक जातें. गॅरंडच्या बोल्टांतील सुई स्प्रिंगनें मागें धरलेली नसते, ती आंत मोकळी असते. बोल्ट पुढें आपटला कीं तीही पुढें उसळते आणि टोपीला हलकासा टिचका देते. कोठींत घालून न उडवितां बाहेर काढलेल्या कोणत्याही काडतुसाच्या टोपीवर हा बारीकसा ठिपका पाहावयास मिळतो. एरवीं तो निरुपद्रवी. रायफलीच्या रचनेंत बोल्ट वळेपर्यंत सुईला आवरणारी सोयही केलेली आहे. परंतु भाग झिजलेले असले, टोपी बुडाच्या पातळीच्या वर राहिली असली किंवा फार नाजूक असली, आणि त्यांत पुंगळीनें बोल्टाला अर्ध्या वाटेवर अडविलें, तर कुलूप लागण्यापूर्वींच बार उडूं शकतो. तो साठ हजार पौंडांचा दाब मग उघड्या दारांतून मागें येतो. म्हणूनच जाणते लोक टोपी बुडाच्या पातळीच्या किंचित् खालीं बसविल्यावांचून पुढें जात नाहींत, व लष्करी रायफलींसाठीं केलेल्या जाड पत्र्याच्या, कमी हळव्या टोप्या पसंत करतात.

इतकें ऐकल्यावर कोणीही म्हणेल, मग पुंगळी भरपूर आवळून टाकावी. लहान झाली तर बिघडलें कोठें? नवशिके हेंच करतात आणि दुसऱ्या खड्ड्यांत पडतात. खांदा गरजेपेक्षां मागें गेला म्हणजे काडतूस कोठींत सैल बसतें. सुईचा धक्का त्याला पुढें सारतो. बूड आणि बोल्ट यांमध्यें फट राहते. दारू पेटल्यावर पुंगळीच्या पुढच्या बाजूची पातळ भिंत प्रथम फुगते व कोठीला घट्ट चिकटून बसते. बूड जाड असल्यामुळें तें चिकटत नाहीं. दाब त्याला मागें लोटतो आणि तें बोल्टावर जाऊन टेकतें. पुढचा भाग जागचा हलत नाहीं, मागचा मागें जातो. मग जी फट होती ती भरून काढण्यासाठीं मधलीच पितळ ताणली जाते. ती ताणते नेमकी त्या ठिकाणीं, जेथें भरीव बूड संपून पातळ भिंत सुरू होते. एका बारानें कांहीं होत नाहीं. पण पुन्हां आवळली, पुन्हां ताणली, असें चार-सहा वेळां झालें कीं त्या जागीं बाहेरून एक उजळ कडें दिसूं लागतें, आंतून खाच पडते, आणि एके दिवशीं पुंगळीचे दोन तुकडे होतात. बूड बाहेर येतें, उरलेली नळी कोठींतच राहते, आणि फुटलेल्या सांध्यांतून तप्त वायु मागें सुटतो.

आपल्याकडे सैन्याच्या व पोलिसांच्या हातीं अनेक दशकें असलेल्या ‘थ्री-नॉट-थ्री’ रायफलीचें उदाहरण येथें उपयोगी पडेल. तिच्या पुंगळीच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, आणि काडतूस कोठींत किती आंत जावें हें ती कडच ठरविते. खांद्याला तें काम नाहीं. म्हणून तिच्या कोठ्या खांद्यापाशीं ऐसपैस ठेवीत. चिखलमातींतही काडतूस आंत जावें हा हेतु चांगला. परंतु ज्यांनीं त्या पुंगळ्या परत भरून वापरल्या त्यांना त्या लवकर तुटतांना दिसल्या. थर्टी-ऑट-सिक्सच्या बुडाला अशी बाहेर आलेली कड नाहीं. ती आपल्या खांद्यावर टेकून उभी राहते, आणि म्हणून तिच्या बाबतींत खांदा कोठें आहे हाच सगळा प्रश्न.

तर अर्धस्वयंचलित रायफलींत खांदा किती मागें असावा? अनुभवी लोकांचें सामान्य उत्तर तीन ते चार सहस्रांश इंच असें आहे. हातानें बोल्ट लावावयाच्या रायफलीला एक-दोन पुरतात. तीन-चारांच्या बरेंच खालीं गेलें तर एखादी घट्ट पुंगळी सुटण्याची भीति. पुष्कळ वर गेलें तर ताण. एका केसाच्या जाडीएवढी ही वाट आहे, आणि ती डोळ्यांनीं दिसत नाहीं. येथें मोजल्यावांचून गति नाहीं.

पुंगळी आवळण्याचें यंत्र फार साधें आहे. वर पोलादी सांचा, आंतून पुंगळीच्या आकाराचा. खालीं पुंगळीचें बूड धरणारी एक चकती. लांब दांडा खालीं ओढला कीं चकती वर चढते व पुंगळी सांच्यांत शिरते. सांचा प्रथम तिचें पोट आवळतो. आणि येथें एक गंमत होते जी फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. ओल्या मातीचा गोळा मुठींत दाबला तर तो वरच्या बाजूनें बाहेर येतो. तसेंच आवळलेल्या पोटांतील पितळ वर सरकते, आणि खांदा मागें जाण्याऐवजीं आधीं पुढें जातो. सांच्याचा स्वतःचा खांदा पुंगळीच्या खांद्याला भिडून त्याला मागें रेटूं लागतो तो अगदीं शेवटीं. म्हणजे काम अर्धवट टाकलें तर पुंगळी न आवळलेल्या पुंगळीपेक्षांही लांब होते. सांचा थोडा वर ठेवून, पितळेवर दया केल्याच्या समजुतीनें, कित्येकांनीं आपल्या रायफली अडकवून घेतल्या आहेत त्या यामुळें.

सांच्याबरोबर येणाऱ्या कागदावर बहुधा लिहिलेलें असतें कीं सांचा चकतीला टेकेपर्यंत खालीं फिरवावा, आणि वर पाव फेरा द्यावा. ही सूचना खोटी नाहीं. अशी आवळलेली पुंगळी बहुधा कोणत्याही रायफलींत जाईल. पण जी कोणत्याही रायफलींत जाते ती एखाद्या विशिष्ट रायफलींत सैल असण्याचा संभव मोठा. कारण कोठ्या सर्व एकसारख्या नसतात. कोठी तपासण्याचे जे पोलादी ठोकळे मिळतात, त्यांपैकीं ज्यावर बोल्ट लागलाच पाहिजे तो, आणि ज्यावर लागतां कामा नये तो, यांत सहा सहस्रांशांचा फरक असतो. या दोहोंच्या मध्यें कोठेंही असलेली कोठी निर्दोष समजली जाते; पुंगळीला मात्र ते सहा सहस्रांश पुष्कळ होतात.

म्हणून काळजी घेणारा मनुष्य उलट्या बाजूनें आरंभ करतो. एका पोकळ पोलादी मापकांत पुंगळी खांद्यावर टेकेपर्यंत सोडतात; मापकाच्या कांठाला दोन पायऱ्या असतात, आणि पुंगळीचें बूड त्या दोन पायऱ्यांच्या मध्यें यावें लागतें. याहून सूक्ष्म माप पाहिजे असेल तर सरकपट्टीला एक कडें जोडून खांद्यावरील ठराविक वर्तुळापासून बुडापर्यंतचें अंतर मोजतात. उडविलेल्या पुष्कळशा पुंगळ्या अशा मोजून आंकडे कागदावर मांडतात. गॅरंडमधून निघालेल्या पुंगळ्या कोठीपेक्षां लांब असूं शकतात हें वर आलेंच. म्हणून त्यांच्या आंकड्यावर आंधळेपणानें न विसंबतां मापकाची साक्ष काढतात. मग सांचा थोडा वर ठेवून एक पुंगळी आवळतात, मोजतात, सांचा किंचित् खालीं फिरवितात, पुन्हां मोजतात.

किंचित् म्हणजे किती, हें घड्याळावरून सांगतां येतें. या सांच्यांच्या अंगावर दर इंचास १४ आटे असतात. म्हणजे सांचा एक पूर्ण फेरा फिरला कीं तो सुमारें ७१ सहस्रांश खालीं येतो. घड्याळाच्या तबकडीवर मिनिटकांटा एक मिनिट पुढें सरकतो तेवढाच सांचा फिरविला तर तो एका सहस्रांशाहून थोडासाच अधिक उतरतो. तीन सहस्रांश म्हणजे अडीच मिनिटांचें अंतर. हाताला सवय नसेल तर पांच मिनिटांएवढा फेरा सहज बसतो, आणि तेवढ्यानें पुंगळी सहा सहस्रांश आखूड होऊन जाते. सांच्यावर व यंत्रावर पेन्सिलीची एक रेघ ओढून ठेवणें हा यावरचा जुना, बिनखर्चाचा उपाय.

शेवटीं खुद्द रायफलीचीच परीक्षा घेतात. टोपी, दारू, गोळी यांपैकीं कांहींही न घातलेली कोरी पुंगळी कोठींत ठेवून बोल्ट हातानें हलकेच पुढें सोडतात. तो कोठेंही न अडतां, जोर न लावतां वळून बसला पाहिजे. भरलेल्या काडतुसावर हा प्रयोग घरांत कधींही करीत नाहींत. त्याचें कारण वर आलेंच आहे.

एकदां बसविलेला सांचा कायमचा बसला असें मात्र समजूं नये. पितळ सांच्यांतून निघाल्यावर पुन्हां किंचित् फुगते, आणि किती फुगते हें तिच्या कठीणपणावर ठरतें. पुण्याच्या तांबट आळींतील कारागिरांना ही गोष्ट शिकवावयास नको. तांब्याचें भांडें ठोकतां ठोकतां कडक होतें, मग तें हातोड्याला जुमानीत नाहीं, आणि भट्टींत लाल करून पुन्हां मऊ करावें लागतें. पुंगळीचेंही तेंच. दर बाराला ती फुगते, दर वेळीं आवळली जाते, आणि अशी ठोकपीट खाऊन तिची मान व खांदा कडक होत जातात. कडक पितळ सांच्यांतून सुटतांच अधिक उसळी घेते. म्हणून पहिल्या फेरीला जें माप बरोबर आलें तेंच पांचव्या फेरीला एक-दोन सहस्रांशांनीं चुकूं शकतें. निरनिराळ्या कारखान्यांच्या पुंगळ्या एकत्र मिसळल्या तर घोटाळा याहून वाढतो. सांच्यांत पुंगळी पूर्ण शिरल्यावर दांडा क्षणभर तसाच धरून ठेवला तर माप अधिक सारखें येतें असा अनेकांचा अनुभव आहे. खरा उपाय तांबटाचाच : मान व खांदा तापवून मऊ करणें. मात्र बुडाला तो ताप पोंचतां कामा नये. जुन्या पद्धतींत पुंगळ्या पाण्याच्या परातींत अर्ध्या बुडवून वरून ज्योत देत, ती याचसाठीं. मऊ झालेलें बूड दाबाखालीं पसरतें, आणि त्यावर दुसरा उपाय नाहीं.

पितळेंतील हा कोंडलेला ताण किती खरा आहे हें हिंदुस्थानांतच प्रथम दिसून आलें. ब्रिटिश अमदानींत लष्कराच्या तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांना पावसाळ्यांत, कोणीं हात न लावतां, तडे जात. इंग्रजींत या रोगाला ऋतूवरून नांव पडलें. घोड्यांच्या मुतांतून सुटणारा अमोनिया वायु, दमट हवा आणि घडवितांना पितळेंत राहून गेलेला ताण या तिघांचा तो परिणाम होता, हें १९२१ सालीं मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या शास्त्रज्ञांनीं स्पष्ट केलें. पुंगळ्या मंद आंचेवर तापवून ताण काढून टाकला कीं रोग हटे. आजही अमोनिया असलेल्या द्रवानें पुंगळ्या उजळूं नयेत असें सांगतात, त्याचें मूळ त्या तबेल्यांत आहे.

वंगणाविषयीं थोडें सांगावयास हवें. कोरडी पुंगळी सांच्यांत घातली तर ती तेथेंच रुतून बसते व काढतांना बूड फाटून येतें. म्हणून तिला लोकरीच्या मेणासारखें कांहीं तरी पातळ लावतात. खांद्यावर जास्त लागलें तर तेथें पोचे पडतात. आवळून झाल्यावर तें सारें पुसून काढणें आवश्यक, कारण तेलकट पुंगळी कोठीच्या भिंतीला नीट धरीत नाहीं व तिचा सगळा भार बोल्टावर येतो. गॅरंडचा प्रतिस्पर्धी पेडरसन यानें आपल्या रायफलीसाठीं काडतुसांना मुद्दाम मेणाचा पातळ लेप दिला होता, त्यांच्या पुंगळ्या सुटाव्यात म्हणून. त्या रायफलीचा स्वीकार झाला नाहीं.

आवळण्यानें पितळ वर सरकते, तशी मानही लांबत जाते. ती फार लांबली कीं कोठीच्या टोकांत चिमटली जाऊन गोळीला सोडीत नाहीं, आणि दाब भलताच चढतो. तेव्हां अधूनमधून मानेचा कांठ कापून लांबी २.४९४ इंचांच्या आंत ठेवतात. हें काम कंटाळवाणें असल्यामुळेंच तें पुढें ढकललें जातें.

मैदानावर पडलेली दुसऱ्याची पुंगळी उचलावी कीं नाहीं, यावर नेमबाजांत मतभेद आहेत. ती ऐसपैस कोठीच्या रायफलींतून किंवा मशीनगनमधून निघालेली असेल तर बुडाच्या जरा वर इतकी फुगलेली असते कीं साधा सांचा तिला पुरेसा आवळूं शकत नाहीं. त्यासाठीं बुडाशीं अधिक अरुंद असलेले सांचे मिळतात. बहुतेक रायफलींना त्यांची गरज पडत नाहीं. परंतु अशा पुंगळीला पहिल्यांदां एकवार त्यांतून काढून घेणारे लोक आहेत, आणि त्यांना हंसण्याचें कारण नाहीं. तिनें पूर्वीं किती बार सोसले हें मात्र कोणताही सांचा सांगत नाहीं.

त्यासाठीं एक तार असते. छत्रीच्या काडीएवढी, टोंकाशीं काटकोनांत वांकवून घासून अणकुचीदार केलेली. ती पुंगळीच्या तोंडांतून आंत सोडून बुडापर्यंत नेतात आणि भिंतीला टेकवून हळूहळू वर ओढतात. भिंत गुळगुळीत असेल तर तारेचें टोंक विनाअडथळा वर येतें. बुडापासून बोटाच्या अर्ध्या पेराएवढ्या उंचीवर तें कोठें खट्कन् अडलें, तर तेथें खाच पडूं लागली आहे. अशी पुंगळी, बाहेरून कितीही चकचकीत दिसली तरी, पक्कडींत धरून चेपतात व मोडीच्या डब्यांत टाकतात. चेपतात अशासाठीं कीं उद्यां दुसऱ्या कोणीं ती चांगली समजून उचलूं नये.